सोमवारची आडवाट

मेंढरू वाट सोडतं त्याला तीनच कारणं असतात, असं ज्ञानेश्वरीचे वडील म्हणायचे. हिरवं दिसलं, सावली दिसली, नाहीतर लांडगा दिसला. भूमकडच्या माळावर कळपामागं जन्म काढलेला माणूस तो, उगाच बोलत नसे. पण माणूस वाट का सोडतो हे काही त्यांनी सांगून ठेवलं नव्हतं, आणि नेमकं तेच कोडं जोगदऱ्याच्या राखीव जंगलात वनरक्षक म्हणून आलेल्या त्यांच्या लेकीच्या गळ्यात पडलं होतं.

जोगदऱ्याचा डोंगर येडशीपासून आठ-नऊ किलोमीटरवर. फार उंच नाही. माथ्यावर महादेवाचं जुनं देऊळ, पायथ्याला वाडी, आणि मधे अर्ध्या तासाची पायवाट. तिसऱ्या वळणापर्यंत सगळी माणसं शहाण्यासारखी वाटेनं चालायची. तिथून वाट उजवीकडं वळायची आणि सावकाश चढत, देवळाला वळसा घालून थेट दारात जायची. लेकरू कडेवर घेऊनसुद्धा चढावी इतकी सोपी. माणसं मात्र नेमकी तिथंच वाट सोडायची आणि डावीकडच्या उभ्या चढाला भिडायची. दगड धरून, झुडपाला लोंबकळून, ओचे खोचून, धापा टाकत. वर्षभरात त्या चढावर गुडघाभर खोल घळ पडली होती. आषाढातली एकेक सर त्या घळीतून माती ओढून नेत होती. कडेच्या म्हाताऱ्या अंजनाची मुळं उघडी पडली होती, आणि खाली जिथं चिंकारा नि कोल्हे पाण्याला यायचे तो पाणवठा गाळानं निम्मा भरला होता.

रेंजर साहेबांनी एका शुक्रवारी पाणवठ्यात काठी बुडवली, वर काढून तिच्यावरची ओल पाहिली आणि तोंड वाकडं केलं. साहेब चंद्रपूरकडचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना वाघ सांभाळायची सवय. माणसं सांभाळणं त्यांना जड जायचं.

"ज्ञानेश्वरी, आता बस झालं," ते म्हणाले. "तारेचं कुंपण आणतो. तिसऱ्या वळणाच्या वर कुणीच जायचं नाही. तीन वर्षं डोंगराला विश्रांती."

"साहेब, श्रावण तोंडावर आलाय. आठ गावच्या बाया येतात."

"म्हणूनच श्रावणाच्या आत."

"वाट चांगली आहे, साहेब. चुकतंय ते दुसरीकडंच कुठं तरी. थोडे दिवस द्या."

साहेबांनी बोटं मोजली. "दोन सोमवार. दुसऱ्या सोमवारी मी स्वतः येऊन बघतो. तेव्हाही लोक घळीतूनच चढले, तर मंगळवारी तार. आणि तारेपाशी काठी घेऊन तुम्हीच उभं राहायचं."

ते शेवटचं वाक्य ज्ञानेश्वरीच्या जिव्हारी लागलं. ही वाट तिनं दोन हंगाम खपून दगड-दगड लावून बांधली होती. आता तिच्यावरच उभं राहून बायांना परत पाठवायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तसं तिनं काही करायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. लोकांना पायऱ्या उंच वाटत असतील म्हणून त्या वीतभर खाली घेतल्या. काही फरक नाही. घळीच्या तोंडाशी बाभळीचा काटा लावला. पुढच्या सोमवारी तो काटा कुणी तरी अलगद उचलून बाजूला रचून ठेवला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगडही ठेवला होता. आता गुंडगिरी करणारा माणूस असा काटा रचून ठेवतो होय? मग 'कृपया पायवाट सोडू नये' अशी पाटी लावली. लोकांनी पाटी वाचली, तिला झेंडूची माळ घातली आणि पायवाट सोडली.

शेवटी तिनं तोंडाचा वापर केला. सोमवारी वळणावर उभी राहून शिट्टी फुंकायची, ओरडायची. वाडीतल्या धुरपताबाईला तर तिनं एकदा चांगलंच फैलावर घेतलं होतं. सत्तरीची बाई, काठी टेकत चढणारी. "आजी, हातपाय मोडून घ्यायचेत का? पलीकडं रस्त्यासारखी वाट आहे ती दिसत नाही?"

धुरपताबाईनं तिच्याकडं जरा वेळ बघितलं. रागानं नव्हे, कीव आल्यासारखं. मग तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"तुमचं काम तुमी करा बाई. आमचं आमी करताव," असं म्हणून म्हातारी घळीतून वर.

मागच्या वर्षी पायथ्यापर्यंत डांबरी सडक झाली होती. गर्दी वाढली ती तेव्हापासून, आणि घळही त्याच वर्षी पडली. त्यामुळं सगळा दोष सडकेवर टाकून कचेरी मोकळी झाली होती. ज्ञानेश्वरीला ते पटत नव्हतं. गर्दीनं वाट रुंद होते, एक वेळ खोलही होते. पण सोपं टाकून अवघड धरायला गर्दी कुणाला लावत नाही.

सडकेच्याच वर्षी तिनं चर खणला होता, आणि त्या चराचा तिला कोण अभिमान! देवळाच्या अंगणातलं पावसाचं पाणी पूर्वी वाटेवरूनच धावत सुटायचं आणि वाट खायचं. तिनं आणि रामहरी नावाच्या वनमजुरानं मिळून देवळापासून एक दीड फूट रुंदीचा चर काढला, तिसऱ्या वळणाच्या जरा पुढं तो वाटेला आडवा नेला आणि पाणी ओढ्यात सोडलं. देवळाच्या भिंतीलगत एक जुना खड्डा होताच, तिथूनच सुरुवात केल्यामुळं अर्ध्या दिवसाचं खणणं वाचलं. एक टांग टाकली की चर ओलांडता यायचा. साहेबांनी त्याचा फोटो काढून वर पाठवला होता. सुरुवातीला कुणी तरी वाटेजवळ त्या चरात गवताच्या पेंढ्या आणून टाकायचं. गुराख्यांचा चाळा, दुसरं काय, असं म्हणत तिनं तीनदा ते गवत उपसून फेकलं. चौथ्यांदा कुणी टाकलं नाही.

तर साहेबांनी दिलेल्या दोन सोमवारांतला पहिला आला. आदल्या संध्याकाळी तिनं वडिलांची युक्ती केली. तिसऱ्या वळणावरची ओलसर माती झुडपाच्या फांदीनं झाडून पाटीसारखी साफ केली. कळपातलं कोणतं जनावर कुठं गेलं हे वडील असंच ओळखायचे. साहेब यायच्या आधीपासूनच आठवडाभर ती रोज हेच करत आली होती, आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. मंगळवार ते रविवार जी काही थोडी पावलं उमटायची ती मुकाट उजवीकडं, वाटेनंच जायची. वाट बिघडायची ती सोमवारी. सोमवारी डोंगरात असं काय येतं, जे मंगळवारी नसतं? लांडग्यालासुद्धा वार कळत नाही.

पहाटे साडेपाचला ती अंजनाच्या आड बसली. आज शिट्टी नाही, ओरडणं नाही, फक्त बघायचं असं तिनं ठरवलं होतं. आदल्या दुपारपासून चांगली उघडीप होती. येडशी स्टेशनावरून सुटलेल्या गाडीचा भोंगा लांबून ऐकू आला. सहाला सोमलिंग गुरव आला, देवळाचा पुजारी. हातात परडी, खांद्यावर पंचा. तिसऱ्या वळणावर न थांबता उजवीकडं वळला आणि वाटेनं गेला. ज्ञानेश्वरी सावरून बसली. साडेसहाला दोन बाया आल्या, त्यासुद्धा उजवीकडून, वाटेनं.

आता मात्र तिचं कुतूहल हट्टाला पेटलं. म्हणजे सोमवारसुद्धा सगळा वाईट नव्हता तर!

आठच्या सुमाराला माणसांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात कळशी नाहीतर तांब्या. आणि आठनंतर आलेला एकजात प्रत्येक माणूस वळणावर यायचा, उजवीकडं मान लांब करून काही तरी बघायचा आणि डावीकडं वळून घळीत शिरायचा. धुरपताबाईसुद्धा गेली. तिला मागून दोघीजणी ढकलत होत्या, पुढून एक ओढत होती. दगड सुटले, माती घसरली, अंजनाच्या मुळावर पाय पडले. ज्ञानेश्वरीनं शिट्टी मुठीत घट्ट धरून ठेवली.

साडेदहाला सोमलिंग गुरव उतरला. तोही घळीतून! पंचा आवरत, बुडावर घसरत, सहा फूट माती सोबत घेऊन साक्षात पुजारी खाली आला. ज्ञानेश्वरीला हसूही आलं आणि रागही. झाडाआडून ती एकदम पुढं झाली.

"सोमलिंगमामा, सकाळी तुम्ही वाटेनं गेलात ना?"

"व्हय की." गुरव दचकला होता.

"मग उतरताना घळीतनं का?"

माणूस तोंडानं का जेवतो असं विचारल्यासारखं त्यानं तिच्याकडं बघितलं. "आता कसं वाटंनं यावं म्याडम? सोमवार हाय न्हवं." एवढं बोलून, सगळं सांगून झाल्यासारखा, तो घाईनं निघून गेला. त्याच्या म्हशीची धार काढायची राहिली होती म्हणे.

ज्ञानेश्वरी तिथंच उभी. तोच माणूस, तोच वार, तेच पाय. सहाला वाट चालते आणि साडेदहाला चालत नाही. मधल्या साडेचार तासांत वाटेवर काही तरी आलं असलं पाहिजे. ती उजवीकडं वळली आणि पायाखाली बघत चालायला लागली. पायऱ्या जागच्या जागी होत्या. साप नाही, मधमाश्या नाहीत, काटा नाही. चर आला. रोजच्यासारखी तिनं टांग उचलली, आणि पाय तसाच हवेत राहिला.

चरात पाणी होतं.

पाऊस कालपासून नव्हता. चर कोरडा ठणठणीत असायला हवा होता. आणि हे पाणी दुधाळ होतं. त्यात तांदळाचे दाणे होते, भस्माची राखाडी साय होती, झेंडूच्या पाकळ्या वळण घेत घेत ओढ्याकडं निघाल्या होत्या.

तिनं पाय मागं घेतला. मग चराच्या कडेकडेनं वर चढली, पार देवळाच्या भिंतीपर्यंत. भिंतीतून दगडी गोमुख बाहेर आलं होतं. पिंडीवर घातलेलं पाणी तिथून खालच्या खड्ड्यात पडत होतं. रोजच्या पूजेचं तांब्याभर पाणी त्या खड्ड्यात जिरून जायचं. सोमवारी शे-दीडशे कळश्या रित्या व्हायच्या. खड्डा भरायचा आणि उतू गेलेलं सगळं तीर्थ निघायचं, ते तिच्या चरातून.

समोर बाया प्रदक्षिणा घालत होत्या. देवळाच्या दारापासून निघायच्या, गोमुखापर्यंत यायच्या, थांबायच्या, हात जोडायच्या आणि आल्या वाटेनं उलट फिरायच्या. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते. त्याच्या अंगावरून आलेलं पाणी ओलांडायचं नसतं. हे ज्ञानेश्वरीला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत असताना आईचं बोट धरून तीही अशीच उलट फिरली होती. पण तेच पाणी देवळाच्या बाहेर दोनशे पावलं खाली, सरकारी चरातून वाहत असेल तर तेही तीर्थच असतं, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बायांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तो चर म्हणजे लांबलेलं गोमुख होतं, आणि फॉरेस्टवाल्यांनी ते भर वाटेत आडवं टाकलं होतं.

ती देवळाच्या कठड्यावर मटकन बसली. वर्षभर सगळ्या जगाला बोल लावला. सडकेला लावला, गर्दीला लावला, म्हाताऱ्या बायांच्या अडाणीपणाला लावला. आणि घळ पाडली होती तिनंच, अर्ध्या दिवसाचं खणणं वाचवून.

दुपारी तिनं रामहरीला गाठलं. तो झाडाखाली विडी ओढत होता.

"रामहरीकाका, चर खणताना तुम्हाला माहीत होतं?"

"काय, तीर्थाचं? व्हय की."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुमाला ठावं हाय. एवढ्या शिकल्या-सवरल्या तुमी." रामहरीनं विडी विझवली. "काखंत कळसा आन गावाला वळसा झाला म्हना की."

ती चिडणार होती, पण चिडायला तोंड उरलं नव्हतं.

संध्याकाळी ती सोमलिंग गुरवाच्या दारात गेली. म्हशीची धार काढून झाली होती. गोमुखाचं पाणी दुसरीकडून काढायचं तर कातळ फोडावा लागणार होता, आणि तेवढे दिवस हातात नव्हते. दुसरा काही उपाय आहे का, असं तिनं विचारलं.

"हाय की. लई सोपा हाय," गुरव म्हणाला. "तीर्थ उघडं असलं तर ओलांडू न्हाय. झाकलेलं असलं तर दोष न्हाय. दगड टाका, लाकूड टाका, पाला टाका, गवत टाका. जुन्या लोकांनी सांगून ठेवलंया."

"मग लोकांनीच का नाही टाकलं गवत? एवढी घळ चढत बसले ते?"

गुरव जरा घुटमळला. "टाकलं हुतं. तीनदा टाकलं. तुमी काढून फेकलं. मंग लोक म्हनले, सरकारला न्हाय चालत, जाऊ द्या. आपली वाट आपन बघू."

ज्ञानेश्वरीचे कान तापले. घरी जाऊन तिनं साहेबांना फोन लावला. खोटं बोलता आलं असतं, चर नीट करतोय एवढंच सांगता आलं असतं. पण तिनं सरळ सांगून टाकलं, "साहेब, घळ लोकांनी नाही पाडली. मी पाडली," आणि मग बाकीचं सगळं.

"झाकलं की ते वाटेनं जातील याची खात्री आहे तुम्हाला?"

"नाही, साहेब."

"ठीक. ठरल्याप्रमाणं सोमवारी येतो. तार घेऊनच येतो."

आठवडाभर तिनं आणि रामहरीनं पाठ सरळ केली नाही. क्वार्टरमागं उरलेल्या जाड शहाबादी फरश्या दोघांनी डोक्यावरून वर नेल्या. वाट जिथं चर ओलांडायची तिथं दुहेरी फरशी बसवली, तिच्यावर माती दाबली, मातीवर हरळीचे गड्डे लावले. ओढ्याकडचं तोंड मोकळं ठेवलं. घळीत हातभर अंतरावर दगडांचे आडवे बांध घातले, म्हणजे पाण्याचा जोर मोडेल आणि माती मागं अडकेल. अंजनाच्या मुळांवर माती ओढली. घळीच्या तोंडाला मात्र तिनं काटा लावला नाही. जायचं असेल तर जाता यावं आणि तरीही जाऊ नये, तर खरं. वाडीत कुणाला काही सांगायचंही नाही असं तिनं ठरवलं होतं, पण रामहरीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. शनिवारपर्यंत सगळ्या वाडीला कळलं होतं.

दुसऱ्या सोमवारी साहेब सातलाच आले. तारेचं भेंडोळं घेतलेली जीप पायथ्याला उभी करून ते वर आले आणि वळणावर एका दगडावर बसले. ज्ञानेश्वरी उभीच होती. आठ वाजले. वर देवळात घंटा वाजायला लागली, म्हणजे कळश्या रित्या व्हायला लागल्या. फरशीखालून पाणी गेल्याचा बारीक खळखळाट तिला ऐकू आला.

खालून बायांची रांग आली. सगळ्यांच्या पुढं धुरपताबाई. वळणावर येऊन तिनं साहेबांकडं पाहिलं, घळीतल्या दगडांच्या बांधांकडं पाहिलं, आणि उजवीकडं मान लांब केली. मागं रांग थांबली. मग म्हातारी काठी टेकत उजवीकडं निघाली, फरशीपाशी पोचली आणि थबकली.

"खालनं जातंय न्हवं पानी?"

"जातंय, आजी. पण झाकलंय. दुहेरी फरशी, वर माती, वर हरळी."

धुरपताबाईनं काठीनं हरळी दाबून पाहिली. या कडेला वाकून पाहिलं, त्या कडेला वाकून पाहिलं. कुठं ओल झिरपली आहे का ते बोटानं चाचपलं. घर बघायला आलेली विहीणसुद्धा इतकी तपासणी करत नाही. मागच्या बाया श्वास धरून उभ्या. साहेबही दगडावरून उठले होते. शेवटी तिनं खाली हात लावून तो कपाळाला लावला, "महादेवा" म्हणाली आणि पाय उचलून पलीकडं टाकला.

मागोमाग दुसरी गेली, तिसरी गेली, मग सगळी रांगच हलली. घळीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. साहेब काही वेळ बघत राहिले. मग त्यांनी टोपी घातली, ज्ञानेश्वरीकडं बघून मान हलवली आणि ड्रायव्हरला फोन केला, की तार उतरवू नको.

ज्ञानेश्वरीनं धावत जाऊन धुरपताबाईला गाठलं. म्हातारी पलीकडं दम खात उभी होती.

"आजी, चुकलं माझं. वर्षभर तुम्हाला त्या घळीतनं चढायला लावलं. वर आणि ओरडले."

"वरडली तर वरडली. नोकरीची पोर तू. सायेब सांगंल तसं करावं लागतंया."

"साहेबांनी नाही, मीच केलं होतं ते. आणि मी तर रोज पायात बूट घालून ओलांडत होते. सोमवारीसुद्धा, खाली न बघता. तुम्ही बघत होता ना? एकदा तरी अडवायचं मला."

"आडवून काय करावं? तुजं पोट हाय त्याच्यावर." धुरपताबाईनं ओच्यातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत बेलाची हिरवीगार पानं होती. "म्हनून मंग म्या आन ह्या समद्या, आमचं आमचं वाहून झालं की एकेक बेल तुज्या नावानं वाहताव. दर सोमवारी. म्हनताव, महादेवा, लेकरू हाय, तिला ठावं न्हाय. तिला दोष लावू नगं."

दर सोमवारी ज्ञानेश्वरी वळणावर शिट्टी फुंकत ज्यांच्यावर खेकसत होती, त्या गुडघे फोडून घेत वर जात होत्या आणि देवापुढं तिचीच वकिली करत होत्या. तिचे डोळे भरून आले, आणि गणवेशात रडू नये हे माहीत असूनही ती रडली.

धुरपताबाईनं पुरचुंडीतलं एक पान निवडलं, तिन्ही दळं शाबूत आहेत ना ते उजेडात धरून बघितलं आणि तिच्या हातात दिलं.

"घे. आजपासनं तुजं तू वाहा."

ज्ञानेश्वरीनं ते पान घेतलं आणि बायांच्या मागोमाग वाटेनं वर निघाली.